बांधावरची भोकं आणि एकांड्या मधमाश्या: घनदाट जंगलापेक्षा कोरड्या माळावर जास्त का?

हिरवा_चाफा
12 ऑक्टोबर, सकाळी 7:10

सासवडच्या पुढे आमचं जुनं घर आहे. मागची पडवी कधीच पडली, तिची मातीची एक भिंत तेवढी उभी आहे. नवरात्रात गेले तेव्हा त्या भिंतीला उन्हाच्या बाजूने पेन्सिल शिरेल एवढी तीसेक भोकं दिसली. मुंग्यांचं काम असेल म्हणून सोडून देणार होते, तेवढ्यात कानाशी चढ्या सुरात गुणगुण आली आणि एक माशी थेट भोकात शिरली. सातेरीपेक्षा थोडी मोठी, अंगाने गुबगुबीत, पोटावर फिकट निळे चकचकीत पट्टे, मागच्या पायांना परागाचे झुबके. शेजारच्या भोकातून दुसरी पाठमोरी बाहेर आली, मातीचा भुगा मागे ढकलत. मी तिथेच पायरीवर बसले आणि चहा निवून गेला.

प्रत्येक भोकाची मालकीण एकच. राणी नाही, कामकरी नाहीत, पोळं नाही. शेजार आहे, पण संसार जिचा तिचा. या माशीला शास्त्रात अमेगिला म्हणतात. संध्याकाळी आणखी एक गोष्ट पाहिली. वाळल्या गवताच्या एका काडीवर आठ-नऊ नर ओळीने झोपले होते, जबड्याने काडी घट्ट धरून, पाय आखडून. वारा आला की काडी हलायची, त्यांच्यासकट.

मधमाशी म्हटलं की आपल्याला आग्या, सातेरी, फुलोरी आठवतात, फार तर पेटीतली मेलिफेरा. पण जगात मधमाश्यांच्या वर्णन झालेल्या जाती 20,000च्या वर आहेत आणि मधाची पोळी बांधणाऱ्या एपिस माश्या त्यात जेमतेम डझनभर. उरलेल्यांत बहुसंख्य एकांड्या. मादी एकटी घर खणते, पराग आणि मकरंद कालवून लाडू वळते, त्यावर एक अंडं घालते, खोली बंद करते आणि पुढची खोली घेते. काही आठवड्यांच्या आयुष्यात दहा-वीस अंडी झाली तरी पुष्कळ. पिल्लं बाहेर पडतात तेव्हा आई बहुधा उरलेली नसते.

आता धाग्याचा मुद्दा. पक्षी, फुलपाखरं, झाडं यांच्या जाती विषुववृत्ताकडे वाढत जातात, हे आपण शाळेपासून ऐकतो. मधमाश्यांचं तसं नाही. मधमाश्यांचे अभ्यासक चार्ल्स मिचनर यांनी 1979 मध्येच हे लिहून ठेवलं होतं. 2020 मध्ये मायकेल ऑर, अ‍ॅलिस ह्यूज, जॉन अ‍ॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 58 लाख नोंदी आणि देशोदेशीच्या जातींच्या याद्या एकत्र करून जगाचा नकाशा काढला. त्यात दोन्ही गोलार्धांत एकेक फुगवटा दिसतो, मधल्या अक्षांशांवर, तोही कोरड्या, उघड्या मुलखात. अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग, भूमध्य समुद्राभोवतीचा प्रदेश, मध्य आशिया. दक्षिणेत चिली आणि आफ्रिकेचं टोक. उत्तर गोलार्धात जाती दक्षिणेपेक्षा जास्त.

म्हणजे ज्याला आपण माळ, पडीक, बरड म्हणून नावं ठेवतो, ती जमीन या माश्यांची पेठ आहे. तुम्ही कुठे, कशावर, कोणत्या एकांड्या माश्या पाहिल्यात ते लिहा. जमिनीचा प्रकारही लिहा, तो फुलांइतकाच महत्त्वाचा आहे.

अबोली_कुडाळ
12 ऑक्टोबर, सकाळी 9:32

ताई, वाचून आमच्या मांगराच्या भिंतीकडे बघून आले. भोकं आहेत! पण मला एक पटत नाही. आमच्याकडे पाऊस भरपूर, झाडोरा भरपूर, वर्षभर काही ना काही फुललेलं असतं. मग माश्यांच्या जाती कोकणात, जंगलात जास्त नकोत का? खाणं तर इथेच जास्त.

टुसॉनवासी
12 ऑक्टोबर, रात्री 10:15

मी बारा वर्षं अ‍ॅरिझोनात आहे, म्हणजे त्या नकाशातल्या सगळ्यात गडद ठिपक्याजवळ. अबोलीताईंचा प्रश्न मलाही पडला होता. इथे येऊन उत्तर थोडं कळलं.

एक तर घर. बहुतेक एकांड्या माश्या जमिनीत घर करतात. परागाचा लाडू अळीने खाऊन संपवेपर्यंत मातीत टिकायला हवा. सतत ओल असली की बुरशी धरते. कोरड्या जमिनीत तो धोका कमी. दुसरं, पावसाळी जंगलात फुलांवर मोठ्या कुटुंबांचा कब्जा असतो, तुमच्याकडे आग्या आणि पोयाच्या माश्या, दक्षिण अमेरिकेत डंख नसलेल्या माश्यांच्या कितीतरी जाती. हजारोंच्या वसाहतीसमोर एकटी मादी किती टिकणार? तिसरं कारण मला सगळ्यात सुंदर वाटतं. वाळवंटात पाऊस पडला की दोन-तीन आठवड्यांत सगळी जमीन फुलते आणि मग संपते. त्या दोन-तीन आठवड्यांपुरतं बाहेर येऊन, काम उरकून, बाकीचं वर्ष मातीखाली काढायचं हे एकांड्या माशीला जमतं. हजारो तोंडांच्या पोळ्याला वर्षभर अन्न लागतं, त्याला हे परवडत नाही.

आणि पाऊस झालाच नाही तर? ब्रायन डॅनफोर्थ यांनी पर्डिटा नावाच्या चिमुकल्या वाळवंटी माशीवर काम केलं, ते 1999 मध्ये छापून आलं. दमट हवा मिळाली की अळ्यांपैकी काही पुढे वाढून बाहेर येतात आणि काही तशाच झोपून राहतात, पुढच्या वर्षासाठी. एकाच आईची पिल्लं, पण सगळी एका पावसाच्या भरवशावर नाहीत. आपल्याकडचे कोरडवाहू शेतकरी सगळं बियाणं पहिल्या पावसावर टाकत नाहीत, तसंच.

मी स्वतः पाहिलेलं सांगतो. एप्रिलच्या शेवटी, फड्या निवडुंग फुलला की माझ्या घराजवळच्या उघड्या जमिनीवर डायडेशिया माश्यांची वस्ती जागी होते. शेकडो नर जमिनीपासून वीतभर उंचीवर घिरट्या घालतात. एखादी मादी माती फोडून वर येताच दहा-बारा नर तिच्यावर पडतात आणि माश्यांचा चेंडूच गडगडत जातो. महिनाभराने तिथून चालत गेलात तर तुम्हाला नुसती मोकळी जमीन दिसेल. सगळं खाली.

इथे मेक्सिकोच्या सीमेवर सॅन बर्नार्डिनो खोऱ्यात अवघ्या 16 चौरस किलोमीटरमध्ये 497 जाती मोजल्या गेल्या, 2021 मध्ये ते प्रसिद्ध झालं. अख्ख्या ब्रिटनमध्ये मिळून 270च्या आसपास आहेत.

शंकासुर_72
13 ऑक्टोबर, सकाळी 8:05

आकडे छान आहेत, पण शंका विचारतो. अमेरिका, युरोपात बघणारे जास्त, संग्रहालयं जास्त, पैसा जास्त. म्हणून तिथे जाती जास्त सापडल्या, असं नाही ना? आपल्याकडे कोण मातीत डोकं घालून बघतंय?

हिरवा_चाफा
13 ऑक्टोबर, दुपारी 1:48

शंका अगदी रास्त आहे आणि त्या अभ्यासकांनीही ती घेतली होती. नुसते नोंदींचे ठिपके मोजले असते तर नकाशा बघणाऱ्यांचा झाला असता, माश्यांचा नाही. म्हणून त्यांनी अ‍ॅशर यांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या, कोणती जात कोणत्या देशात याच्या याद्या आधाराला घेतल्या. शिवाय विषुववृत्तावरचे पक्षी किंवा फुलपाखरं तोकड्या पाहणीतही जास्तच भरतात, मग फक्त माश्याच का कमी भराव्यात? कोरड्या मुलखाचा कल खरा आहे असं मला वाटतं.

पण भारतापुरतं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. आपल्या देशातून सातशेहून जास्त जातींची नोंद आहे. ओळख पटवायला आजही चार्ल्स बिंगहॅम यांनी 1897 मध्ये मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवर लिहिलेला खंड उघडावा लागतो. राजस्थान, कच्छ, आपलं दख्खनचं पठार, हिमालयाच्या पलीकडचं लडाख, असे कोरडे मुलूख आपल्याकडे किती आहेत! तिथे नीट बसून पाहिलं तर आकडा वाढेलच. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं. जी जात कुणी पाहिलीच नाही, ती गेली तरी कळणार नाही.

अबोलीताई, कोकणात माश्या नाहीत असं मात्र समजू नका. तुमचे कातळसडे बघा. वर जांभा, पावसाळा संपता संपता सगळा सडा फुललेला. या माश्यांना हवं तसंच ते घर आहे.

बार्शीकर_शेतकरी
14 ऑक्टोबर, रात्री 9:20

आम्ही कोरडवाहू, तूर आणि ज्वारी. पुस्तकी माहिती मला नाही, डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. तूर फुलोऱ्यात आली की एक माशी येते, पोटाखाली पिवळाजर्द पराग माखलेला, जणू हळदीत बसून आली. पायावर पराग नाही, पोटालाच. फुलावर जोरात बसते, खालची पाकळी दाबली जाते आणि फूल उघडतं. तीच माशी घरच्या गुलाबाची पानं गोल गोल कापते. बायकोला वाटायचं की कीड पडली. एकदा मी पाळतीवर बसलो. पानाच्या कडेला लटकून ती कात्री चालवावी तसा तुकडा कापते, गुंडाळी पायात धरते आणि उडते. एका तुकड्याला पाच-सहा सेकंद.

ती कोण? आणि पिकाला तिचा उपयोग किती?

हिरवा_चाफा
14 ऑक्टोबर, रात्री 10:02

दादा, ती मेगाकाइली, पानकापी माशी. परागाची टोपली पायाऐवजी पोटाखाली असणं हीच तिची खूण. लांबट तुकडे खोलीच्या भिंतीला आणि अगदी गोल तुकडे झाकणाला. गुलाबाचं काहीही बिघडत नाही, वहिनींना सांगा.

तुरीचं फूल स्वतःचं स्वतः फळतं, पण एका झाडाचा पराग दुसऱ्यावर न्यायचा तर या माश्याच लागतात. हैदराबादजवळच्या पटांचेरूच्या इक्रिसॅट या पीक-संशोधन संस्थेने संकरित तूर काढली, तिच्या बीजोत्पादनात परागाची ने-आण माश्यांवर सोडलेली असते. माणसाने हाताने करायची म्हटली तर मजुरी परवडणार नाही. तिकडे अमेरिकेत लसूणघासाच्या बियाण्यासाठी याच कुळातली एक माशी पाळतात. वॉशिंग्टन राज्यात तर शेतकरी क्षारपड जमिनीचे उघडे तुकडे राखून ठेवतात, खालून ओल देतात, वर मीठ टाकतात, कारण नोमिया नावाची माशी तशाच चोपण मातीत घर करते. पिढ्यान्‌पिढ्या त्या तुकड्यांवर नांगर फिरलेला नाही.

कारवीवेडा
15 ऑक्टोबर, सकाळी 6:55

भीमाशंकरचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? भुंगा, म्हणजे लाकूड कोरणारा झायलोकोपा, हाही एकांड्या माश्यांतलाच. भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन आणि रेणी बोर्जेस यांनी भुंग्यांवर काम केलं आहे. वारस हे झाड तुम्ही पाहिलं असेल, उन्हाळ्याच्या तोंडाला फुलतं, फुलं रात्री उमलतात. त्याचं परागीभवन झायलोकोपा टेनुइस्कापा हा भुंगा रात्री करतो. आणि तिथलीच दुसरी जात, झायलोकोपा ट्रँक्वेबारिका, चंद्र नसलेल्या रात्रीही उडते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर दिसलं की नुसत्या चांदण्यांच्या उजेडात ती घरट्याजवळच्या खुणेचे रंग ओळखते. माणसाला त्या उजेडात रंग दिसतच नाहीत. आपल्या सह्याद्रीतली माशी आहे ही.

गेल्या मार्चमध्ये मी वारसाच्या झाडाखाली रात्र काढली. साडेदहाच्या सुमाराला डोक्यावर खर्जात घूं-घूं सुरू झाली. विजेरी लावली नाही. नुसता आवाज ऐकत पडलो.

शंकासुर_72
15 ऑक्टोबर, सकाळी 11:30

कारवीवेडा, हे माहीत नव्हतं. शंका घेऊन आलो होतो, आता घराच्या वाशातली भोकं बुजवायची थांबवतो.

सानिका_नाशिक
16 ऑक्टोबर, संध्याकाळी 6:12

आमच्या खिडकीच्या कोपऱ्यात मातीचं मडक्यासारखं घरटं आहे. तेही एकांड्या मधमाशीचं का? आणि गच्चीत वांगी लावलीत, त्यावर एक काळी माशी येते, अंगावर आकाशी ठिपके. तुमच्या अमेगिलाची बहीण का?

हिरवा_चाफा
16 ऑक्टोबर, रात्री 8:40

सानिका, मडकं कुंभारणीचं. ती गांधीलमाशीच्या गोतातली, पिल्लांसाठी अळ्या भरून ठेवते. मधमाश्या पराग भरतात. नातं मात्र जवळचं आहे, कारण शिकारी गांधीलमाश्यांपैकीच काहींनी बारा कोटी वर्षांपूर्वी मांस सोडून पराग धरला, त्या मधमाश्या झाल्या.

आकाशी ठिपक्यांची काळी माशी थायरियस असणार. ती अमेगिलाची बहीण नाही, तिच्या घरात अंडं टाकणारी आहे. कावळ्याच्या घरट्यात कोकिळा जे करते, ते ही मातीच्या भोकात करते. अमेगिला फुलांवर गेली की ही आत शिरते. तिची अळी घरच्या पिल्लाचा लाडू खाऊन मोठी होते. स्वतः घर बांधत नाही, पिल्लांसाठी पराग गोळा करत नाही. राग येऊ देऊ नकोस. थायरियस दिसली म्हणजे जवळपास अमेगिलाची चांगली वस्ती आहे असं समज.

वांग्यावर लक्ष ठेव. वांगी आणि टोमॅटोच्या परागकोशाला टोकाशी बारीक छिद्र असतं, मिरपुडीच्या डबीसारखं. पराग आपसूक सांडत नाही. अमेगिला आणि भुंगे तो कोश जबड्याने धरतात आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतात, त्या हादऱ्याने पराग उडून अंगावर पडतो. त्या वेळी आवाज एकदम बदलतो, उडण्याच्या सुरापेक्षा चढा. सातेरीला हे जमत नाही. तरवड आणि बहाव्याचंही असंच आहे. आमच्या माळावर तरवडीच्या झुडपाशी डोळे मिटून उभं राहिलं तरी माशी उडतेय की फुलावर काम करतेय ते कळतं.

म्युनिकची_मेधा
17 ऑक्टोबर, दुपारी 3:25

जर्मनीतून लिहितेय. इथे साडेपाचशेवर जाती आहेत आणि त्यांतल्या निम्म्या धोक्याच्या यादीत. 2019 मध्ये बव्हेरियात माश्या वाचवा म्हणून सह्यांची मोहीम झाली, तेव्हा साडेसतरा लाख लोक, म्हणजे 18 टक्के मतदार, थंडीत नगरपालिकेसमोर रांगा लावून सही करून आले. मी मतदार नाही, पण मैत्रिणीबरोबर रांगेत उभी राहिले.

एक काळजीची गोष्ट. इथे प्रत्येक दुकानात माश्यांची लाकडी घरं मिळतात, आता भारतातही मिळायला लागलीत असं ऐकते. त्यात नळ्यांत राहणाऱ्या मोजक्याच जाती येतात. जमिनीत राहणाऱ्यांना त्याचा काही उपयोग नाही. नळ्या साफ केल्या नाहीत तर बुरशी आणि माइट वाढतात. आशियातून आलेली एक मोठी मेगाकाइली, स्कल्पचुरालिस, 2008 मध्ये फ्रान्समध्ये सापडली, ती आता अशाच नळ्यांत ठाण मांडते आणि इथल्या माश्यांना बाहेर काढते. पैसे खर्च करायचेच असतील तर बागेचा एक कोपरा उन्हात, उघडा, न खणता सोडा.

टुसॉनवासी
17 ऑक्टोबर, रात्री 11:05

मेधाताईंशी सहमत. एक भर घालतो. प्रत्येक कोपऱ्याची माशी वेगळी असते, हे विसरायला नको. अँड्रिना उत्तर गोलार्धात हजारच्या वर जातींनी पसरलेली, ऑस्ट्रेलियात एकही नाही. स्टेनोट्रिटिडी हे अख्खं कुळ फक्त ऑस्ट्रेलियात. दक्षिण आफ्रिकेत रेडिव्हिव्हा नावाची माशी फुलातलं तेल गोळा करते आणि फुलाच्या शिंगासारख्या नळीत पोचायला तिच्या काही जातींचे पुढचे पाय अंगापेक्षा लांब झालेत. हवाईच्या साठेक मूळ माश्या एकाच पूर्वजाच्या, सगळ्या हायलियस या एकाच गोतातल्या. त्यांतल्या सात 2016 मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेल्या. पेटीतली मेलिफेरा कुठूनही आणता येते. या माश्या एकदा गेल्या की दुसरीकडून आणून भरता येणार नाहीत.

बार्शीकर_शेतकरी
9 नोव्हेंबर, रात्री 8:50

धागा वर काढतो. तूर फुलोऱ्यात आहे. फवारणीच्या औषधाला गेलो तर दुकानदार म्हणाला, सकाळी नऊला मारा, ऊन चढायच्या आत. त्याच वेळेला माश्या शेतात असतात, ते आता दिसतं. मी संध्याकाळी दिवस मावळल्यावर मारलं, तेही अळी मोजून, लागेल तेवढ्याच पट्ट्यात.

दुसरं. दोन शेतांमधला जुना बांध दर दिवाळीनंतर ट्रॅक्टरने कोरून बारीक करतो, अर्धी ओळ जास्त पेरायला मिळते. यंदा आधी वाकून बघितलं. उगवतीच्या अंगाला मुरमात भोकं. पोराला बरोबर घेतलं, शंभरपर्यंत मोजली, मग त्याने हात टेकले. काही भोकांच्या तोंडाशी ताज्या मातीचा छोटा ढीग होता, बोटाने लागताच मऊ. आम्ही मागे सरकून बसलो. थोड्या वेळाने एक माशी आली, दोनदा घिरटी घातली, बरोबर आपल्या भोकात गेली. शेजारच्या नव्हे.

ट्रॅक्टरवाल्याला फोन करून सांगितलं, त्या बांधाला यंदा हात लावायचा नाही, पैसे तेवढेच देतो. पोरगा रोज शाळेतून आला की तिकडे जातो. काल सांगत होता, काळ्या अंगावर निळे ठिपके असलेली एक बसलीय भोकापाशी.

हिरवा_चाफा
9 नोव्हेंबर, रात्री 9:15

दादा, त्याला सांगा वहीत तारीख, वेळ आणि कुठल्या फुलावर दिसली ते लिहून ठेवायला. बार्शीकडची नोंद मला अजून एकही मिळालेली नाही.